692 ची पुली 697 ला?

वडवणीत बीड-परळी रस्त्यावर जुन्या टाटाचं इंजिन बांधायला निघालं की एक प्रश्न हमखास येतो. 692 ची डॅम्पर पुली 697 ला चालेल का? भंगारात स्वस्त मिळते, शाफ्टवर बसली की झालं! मला मात्र या प्रश्नात शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास दिसतो.

आधी आकडे. 6 म्हणजे सिलिंडर आणि 92 किंवा 97 म्हणजे बोअर, मिलिमीटरमध्ये. (497 कोण, ते ओळखलंच असेल तुम्ही.) घराणं जर्मन. 1954 मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला, 1969 मध्ये तो संपला, समोरचा तारा जाऊन टाटाचा 'टी' आला. इंजिनांचं वळण मात्र तेच राहिलं. 692 चा स्ट्रोक 120, 697 चा 128. म्हणजे क्रँकच वेगळा.

आता गंमत बघा. या पुलीला इंग्रजीत 'बॅलन्सर' म्हणतात, पण एका रांगेतल्या सहा सिलिंडरना बॅलन्सची गरजच नसते, पिस्टनचे धक्के आपसांत मिटतात. अडचण लांबीची. प्रत्येक स्फोटाला लांब क्रँक किंचित पिळला जातो आणि परत उलगडतो. ठरावीक वेगाला हा पीळ झोक्यासारखा वाढत जातो. 1904 च्या सुमारास नेपियरने सहा सिलिंडरची मोटार विकायला काढली, मागोमाग रोल्स-रॉइसने, आणि दोघांनाही या थरथरीने छळलं. रॉइसचे तर क्रँक मोडले. मग रॉइस आणि लँचेस्टर या दोघांनी क्रँकच्या पुढच्या टोकाला थोडं सरकू शकणारं वजन लावलं. पीळ घर्षणात जिरला. श्रेय कुणाचं, यावर इंग्रज अजून भांडतात. असो.

मुद्दा असा की ते वजन त्याच क्रँकच्या पिळाला जुळवलेलं असतं. दुसरी पुली बसते, इंजिन सुरू होतं, आवाजही येत नाही. म्हणूनच मिस्त्रीला दोष देववत नाही. पण दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा भरल्या गाडीखाली, घाटात, क्रँकला बारीक चीर पडत असते. ती तिथे दिसत नाही.

आणि पुली त्याच इंजिनाची असली तरी रबर बघाच. आतल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूची एक रेघ ओढा, गाडी चार दिवस चालवा. रेघ तुटली असेल तर कडं सरकतंय.