खर्ज आणि नऊ व्होल्टचा सेल

मामाची बेस गिटार माझ्या टेबलावर उताणी पडली होती आणि बाहेर लोणावळ्याचा जुलै कोसळत होता. पिकगार्डचे स्क्रू काढून वाटीत ठेवले होते, त्यातले तीन गंजून लाल झालेले. आत दोन पॉट, एक कपॅसिटर आणि चार-पाच वायरी. बाकी नुसती धूळ.

"चाळीस वर्षं वाजवली आणि आत एवढंच होतं व्हय?" मामा वाकून बघत म्हणाला.

मला तिच्यात प्रीअँप बसवायचा होता. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी सर्किटची पट्टी, तीन नवी बटणं आणि तिला चालवायला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. अडचण त्या सेलचीच होती. त्याला घर हवं. रीतसर पद्धत म्हणजे गिटार पालथी करून पाठीमागून लाकूड कोरायचं. मी तसं म्हणताच मामानं गिटारीवर हात ठेवला. "लाकडाला पटाशी लावायची नाय."

मामानं ही गिटार १९८४ साली धोबी तलावच्या एका दुकानातून घेतली, सेकंडहँड, कोलकात्याच्या बनावटीची. परदेशी वाद्यं तेव्हा आयातशुल्कामुळे आमच्यासारख्यांनी दुकानाच्या काचेतूनच बघायची. दिवसा कंपनीत कामाला आणि गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रा. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा. स्टेजवर तो नेहमी ड्रमच्या मागे, अर्धा अंधारात. एकदा मालक त्याला म्हणाला होता, "तुझं वाजतंय का नाय ते कळत नाय, पण हलत राहा." नव्वदच्या दशकात चांगले कीबोर्ड आले. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात बेसही आला आणि ताल तर बटणावरच. एका माणसाचं मानधन वाचलं. तो माणूस मामा.

म्हणून प्रीअँपची ही गोष्ट मला निव्वळ दुरुस्तीची वाटत नव्हती. मामा दहा-बारा वर्षं जे वाजवत होता ते समोरच्यांना ऐकूच का गेलं नाही, हे मला शोधायचं होतं.

आता तुम्ही हे फोनवर वाचताय असं धरून चालतो. फोनचाच स्पीकर चालू ठेवा आणि बेस गिटार असलेलं कुठलंही गाणं लावा. बेस गिटारीची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तुमच्या फोनचा नखाएवढा स्पीकर हा ४१ हर्ट्झचा सूर काढूच शकत नाही. तरी बेसची चाल तुम्हाला कळते, बरोबर? कारण तारेतून एकटा ४१ निघत नाही. त्याच्याबरोबर ८२, १२३, १६५ असे वरचे सूरही निघतात. फोन त्यातले वरवरचे तेवढे ऐकवतो आणि खालचा मूळ सूर आपला मेंदू हिशेबानं भरून काढतो. म्हणजे खर्ज आपण पुष्कळदा त्याच्या नातेवाइकांवरून ओळखतो.

ही गोष्ट आपल्या लोकांना हर्ट्झ वगैरे शब्द येण्याआधी ठाऊक होती. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची. ती नुसती छेडली तर बसका आवाज येतो. घोडीचा पृष्ठभाग अगदी बारीक उतार देऊन घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा, आणि मग त्या एका खर्जातून वरचे सगळे सूर झळाळत बाहेर पडतात. हीच जवारी. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले. तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळायला मात्र २०२४ उजाडलं. त्यांच्या पद्धतीत माझ्या कामाची एक गोष्ट होती: आवाज सुधारायचा तो वाद्याच्या अंगावरच. तो वाद्य सोडून निघाल्यावर नव्हे.

बेस गिटार तशी लहान वयाची. १९३०च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्कनं विजेवरचा बेस बनवून पाहिला होता, पण तो चालला नाही. चाललं ते लिओ फेंडरचं १९५१चं 'प्रिसिजन बेस'. त्याआधी खर्ज वाजवायला माणसाएवढा उंच डबल बेस लागे. तो बसमध्ये चढत नसे आणि ट्रम्पेटांच्या गदारोळात ऐकूही येत नसे. फेंडरनं तो गळ्यात अडकवण्याजोगा केला. तारांखाली चुंबक, चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. हा पिकअप. पोलादी तार हलली की वेढ्यांमध्ये अगदी किरकोळ वीज निर्माण होते. मामाच्या गिटारीतही हीच रचना, वेढे कुणी मोजलेले नसले तरी.

मुंबईच्या सिनेसंगीतात खर्जाची जबाबदारी आधी डबल बेसकडे होती. वाद्यवृंदात आणि अरेंजर म्हणून स्वरलिपी वाचणारे गोव्याचे लोक होते; अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही त्यातली मोठी नावं. मग बेस गिटार आली आणि पंचमच्या ताफ्यात टोनी वाझ ती वाजवू लागले. सत्तरच्या दशकातली आर. डी. बर्मनची गाणी चांगल्या हेडफोनवर ऐका, एखादं गाणं फक्त बेससाठी ऐका. गाण्याखाली दुसरं गाणं चालू असतं. पण त्या काळात देशानं ही गाणी ऐकली ती ट्रान्झिस्टरवर, मुठीएवढ्या स्पीकरमधून. टोनी वाझ यांचा खर्ज लोकांपर्यंत पोचला तो वरच्या सुरांच्या खांद्यावर बसून. या बाबतीत तुमचा फोन म्हणजे आजीचा ट्रान्झिस्टरच.

हे झालं रेकॉर्डिंगचं. उघड्या मैदानाचं दुखणं वेगळं, आणि त्याचं उदाहरण आमच्या मावळातच आहे. १९७१ साली मळवलीला 'स्नेह यात्रा' नावाचा खुला रॉक महोत्सव झाला. वुडस्टॉकची हवा अजून ताजी होती आणि आपल्याकडच्या तरुण पोरांना आपलं वुडस्टॉक हवं होतं. मुंबईत तेव्हा इंग्रजी गाणारे बीट ग्रुप जोरात होते. नंदू भेंडेंसारखा मराठी गायक त्याच पिढीतला. मळवली म्हणजे एका बाजूला कार्ला, दुसऱ्या बाजूला भाजे. भाज्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांहून जुनं एक शिल्प आहे: एक बाई बसून जोडतालवाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. त्या लेण्याच्या पायथ्याशी गिटारी आणि अँप्लिफायर. मला हे चित्र फार आवडतं. मामाला विचारलं, "तू गेला होतास का?"

"नऊ वर्षांचा होतो. म्हशी वळायचो. कसलं वुडस्टॉक."

उघड्या मैदानात बेसचं काय होतं, हे मात्र त्याला पुढे मांडवात वाजवताना पुरेपूर कळलं. अँप स्टेजच्या मागे, वादक पुढे, मध्ये तीस फूट वायर. पिकअपमधून निघणारी वीज दुबळी असते. वायरीच्या आत मधली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो, आणि वायर जितकी लांब तितके वरचे सूर त्यातून झिरपून जातात. खालचा घुमारा उरतो, धार जाते. आणि खर्ज ओळखू येतो तो त्या वरच्या सुरांमुळेच! म्हणजे मामाच्या गिटारीचा जो भाग लोकांना ऐकू जायचा, नेमका तोच वायरीत मरत होता. शिवाय गिटारीवरचं टोनचं बटण फक्त कमी करू शकतं. जे वाटेत गेलं ते परत आणणं त्याच्या हातात नाही. साउंडवाला मग अँपचा बेस वाढवायचा, सगळं अजून गढूळ व्हायचं, आणि शेवटी वैतागून तो बेसचा आवाजच बारीक करायचा.

घाटाच्या माणसाला यावरचा उपाय लगेच कळेल. बोरघाटाची चढण ३७ला १. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हापासून हा चढ रेल्वेला छळतोय. म्हणून मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, आणि ती लावतात कर्जतला, चढ सुरू होण्याआधी. गाडी मंकी हिलला धापा टाकायला लागल्यावर कुणी इंजिन शोधत नाही. गिटारीच्या पोटातला प्रीअँप म्हणजे कर्जतचा बँकर. आवाज वायरीत शिरण्याआधीच तो त्याला जोर देतो. मग वायर कितीही लांब असो, धार टिकते. आणि बेस, ट्रेबल ही बटणं आता कमी करतात तशी वाढवूही शकतात.

ही युक्ती नावारूपाला आणली कॅलिफोर्नियातल्या अलेम्बिक या मंडळींनी. १९६९ साली 'ग्रेटफुल डेड' या बँडच्या आसऱ्यानं हा कारखाना सुरू झाला. त्यातला रॉन विकरशॅम आधी अँपेक्स या टेपरेकॉर्डरवाल्या कंपनीत इंजिनिअर होता. अवाढव्य स्टेजवर वाजवणाऱ्या जॅक कॅसेडी आणि फिल लेश यांच्या तयार गिल्ड बेस यांनी उघडल्या आणि आत सर्किटं भरली. मळवलीत पोरं मैदानावर वाजवत होती त्याच सुमारास तिकडे मैदानावरच्या बेसचं औषध तयार होत होतं. इकडे ते पोचायला दोन पिढ्या गेल्या.

पुढे १९७६ मध्ये म्युझिक मॅनचा 'स्टिंगरे' आला. पुन्हा लिओ फेंडर, या वेळी सर्किट टॉम वॉकरचं. पोटात प्रीअँप घेऊनच कारखान्यातून निघणारा आणि खपणारा हा पहिला मोठा बेस. नक्कल होऊ नये म्हणून सर्किटवर इपॉक्सी ओतून ते बंद केलेलं असे. आणि मी जे करत होतो, म्हणजे जुन्या साध्या बेसमध्ये प्रीअँप बसवणं, त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोस्कीनं. मार्कस मिलरच्या १९७७च्या फेंडर जॅझ बेसमध्ये त्यानं प्रीअँप घातला आणि तो कडकडीत, काचेसारखा आवाज पुढच्या दशकातल्या रेकॉर्डांवर पसरला.

एक गोष्ट मात्र मला कधी हसू आणते, कधी अस्वस्थ करते. १९८१ मध्ये रोलंडनं टीबी-३०३ नावाची पेटी काढली. बेसवादक नसेल तर गिटारवाल्याला साथ करायला यंत्र, म्हणजे मामाचा बदली कामगार. मुंबईत ती पेटी हौसेनं हाती घेतली कुणी? चरणजित सिंग यांनी. ते स्वतः सिनेमात बेस आणि कीबोर्ड वाजवणारे! १९८२ साली त्यांनी या पेटीवर दहा राग डिस्कोच्या तालात बसवून एक रेकॉर्ड काढली. ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण शिकागोच्या पोरांनी त्याच पेटीतून काढलेलं 'अ‍ॅसिड' संगीत पाच वर्षांनंतरचं. यंत्रानं बेसवाल्याची जागा घेतली हे खरं, पण सुरुवातीच्या यंत्राला बोलतं केलं तेही एका बेसवाल्यानंच. मामाला मी ती रेकॉर्ड ऐकवली. पूर्ण ऐकून म्हणाला, "हात कळतो."

हात कळतो, हाच त्याचा प्रीअँपला विरोधही होता. आणि तो चुकीचा नव्हता. मोटाउनचा जेम्स जेमर्सन आयुष्यभर साधा फेंडर वाजवत राहिला, वर्षानुवर्षं त्याच जुन्या तारा, आत ना सर्किट ना सेल. त्याच्या बोटातच सगळं होतं. पण तो स्टुडिओत बसून वाजवायचा आणि त्याची वायर सरळ मिक्सरच्या टेबलाला जायची. त्याला घाट चढायचा नव्हता. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "लाकूड कोरू नको. बाकी तुझं तू बघ."

मग सेल पिकगार्डखाली जुन्या पोकळीतच बसवला, स्पंजच्या तुकड्यात गुंडाळून, अगदी मुंगी शिरणार नाही इतका घट्ट. पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, म्हणजे ट्यूबलाइटची गुणगुण येणार नाही. जॅक बदलली. नवी जॅक अशी असते की वायर खुपसली की सेल चालू, काढली की बंद. वायर तशीच राहिली तर सेल गुपचूप संपत जातो आणि नेमका कार्यक्रमात आवाज फाटायला लागतो. लोणावळ्यात आणखी एक: सेलच्या टोकांवर पावसाळ्यात हिरवं चढतं, म्हणून गिटारीच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या. एक छोटा खटकाही ठेवला. तो दाबला की प्रीअँप बाजूला आणि गिटार पूर्वीसारखी, १९८४ची.

मामानं आधी खटका जुन्या बाजूलाच ठेवून वाजवलं. मुद्दाम तीस फुटी वायर लावली होती; अँप बाहेरच्या खोलीत, मामी त्याच्यासमोर शेंगा सोलत बसलेली. मग त्यानं खटका दाबला. बाहेरून मामी म्हणाली, "आता वाजवताय व्हय? मघाशी काय करत होता?"

मामा बराच वेळ वाजवत राहिला. जुन्या कार्यक्रमांतली गाणी, एकामागून एक, मधले मुखडे तोंडानं गुणगुणत. ट्रेबल थोडा कमी केला, परत वाढवला. जोरात ठोका दिला की आवाज किंचित चिरतो, हे त्याच्या कानानं दहा मिनिटांत पकडलं. मी सांगितलं, नऊ व्होल्टला तेवढीच मर्यादा असते. काही लोक दोन सेल जोडून अठरा व्होल्ट करतात, मग जोराचा ठोकाही स्वच्छ निघतो. फक्त दुसऱ्या सेलला आत जागा नाही, त्यासाठी मागून कोरावं लागेल.

त्यानं गिटार पालथी केली, लाकडावरून अंगठा फिरवला.

"कुठनं कोरणार?"