मालक हलला नाही म्हणून: १९२८चं वादळ आणि ६७४ बेनाम कबरी

‘निसर्ग जात बघत नाही.’ वादळ, पूर, भूकंप काहीही आलं की हे वाक्य आपल्या तोंडावर फेकलं जातं. फेकणारा बहुतेक वेळा पक्क्या स्लॅबखाली बसलेला असतो. वाऱ्याला जात कळत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण वारा येतोय ही खबर माणसं माणसांना देतात. बांध किती उंच घालायचा आणि त्याच्या पायथ्याशी कुणाच्या झोपड्या ठेवायच्या, हेही माणसंच ठरवतात. म्हणून आम्ही इथं अमेरिकेतल्या एका वादळाची गोष्ट मांडतो आहोत.

१० सप्टेंबर १९२८. अटलांटिक महासागरात ग्वादलूप बेटाच्या पूर्वेला एका जहाजाला वादळ दिसलं आणि त्यानं रेडिओवरून खबर दिली. उपग्रह नव्हते, रडार नव्हतं. वादळाचा माग काढायचा तो जहाजांच्या संदेशांवर, बॅरोमीटरच्या पाऱ्यावर आणि तारायंत्रावर. १२ तारखेला वादळानं ग्वादलूप उद्ध्वस्त केलं, १३ला ते पोर्तो रिकोवर आदळलं. पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यातलं गरीब बेट. पण तिथं रेडिओवरून आणि पोलिस ठाण्यांमार्फत खबर गावोगाव आधी पोचवली गेली होती. १८९९च्या वादळात याच बेटावर सुमारे ३,००० माणसं मेली होती. १९२८चं वादळ त्याहून जबर असूनही ३१२ मेली. लाखो लोक बेघर झाले, कारण झावळ्यांची घरं खबर मिळाली म्हणून टिकत नाहीत. पण जीव वाचले.

१६ सप्टेंबरच्या रविवारी संध्याकाळी हेच वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वेस्ट पाम बीचजवळ पोचलं. किनाऱ्यावरच्या लोकांना इशारे मिळाले होते. त्यांनी तयारी केली होती. घरं पडली, छपरं उडाली, पण पाम बीचच्या किनारपट्टीवर मृत्यू झाले २६. त्याच रात्री, त्याच जिल्ह्यात, किनाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर आत ओकिचोबी नावाच्या तलावाच्या काठी किमान २,५०० माणसं मेली. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश काळी मजूर होती. गोरेही मेले, त्यांची दुःखंही खरीच. पण हे प्रमाण वाऱ्यानं ठरवलं नव्हतं.

तलावाच्या दक्षिणेला दलदल उपसून काळीभोर, सुपीक जमीन काढली होती. बेल ग्लेड, साउथ बे, पहोकी ही गावं तिथलीच. शेतं गोऱ्यांची. राबायला दक्षिणेतल्या राज्यांतून आणि बहामा बेटांवरून आलेले काळे स्थलांतरित मजूर. राहायला तलावालगत, सगळ्यात सखल जागी, फळकुटांच्या खोल्या आणि झोपड्या. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या कोप्या डोळ्यांसमोर आणा. तलावाला बांध होता मातीचा, जेमतेम पाच-सहा फुटांचा. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९२६च्या वादळात, याच तलावाचा बांध मूर हेवन गावाजवळ फुटला होता आणि शेकडो माणसं बुडाली होती. म्हणजे काय होऊ शकतं हे माहीत होतं. तरी बांध मातीचाच राहिला, कारण खर्च कुणी करायचा यावर वाद चालू होते.

रविवारी सकाळी तलावकाठीही इशारा पोचला: उंचावर जा. बरेच लोक गेलेही. पण वादळ सांगितलेल्या वेळेला आलं नाही. टळलं असं वाटून अनेक कुटुंबं परत आपल्या घरी आली. रात्री उत्तरेकडून वाऱ्यानं अख्ख्या तलावाचं पाणी दक्षिणेला रेटलं. बांध फुटला. अंधारात पाणी छपरापर्यंत चढलं.

‘परत कशाला आले? अडाणी होते म्हणून’ असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मजूर परत येतो कारण त्याचं सगळं त्या खोलीत असतं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर नसला तर मजुरी जाते. ज्याच्याकडं मोटार आणि चार दिवसांचे पैसे आहेत, तो थांबून वाट बघू शकतो. ज्याच्याकडं नाहीत त्याला इशारा एकदाच परवडतो. दुसऱ्यांदा नाही.

झोरा नील हर्स्टन या काळ्या लेखिकेनं १९३७च्या आपल्या कादंबरीत हे वादळ आणलं आहे. कादंबरी म्हणजे दस्तऐवज नव्हे, हे मान्य. पण हर्स्टन मानववंशशास्त्र शिकलेली होती. न्यूयॉर्कला फ्रान्झ बोआसची विद्यार्थिनी. बाबासाहेबांनी १९१६ साली जातीवरचा आपला निबंध कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या चर्चासत्रात वाचला, ते गोल्डनवायझरही बोआसचेच शिष्य. या कादंबरीत सेमिनोल आदिवासी दलदल सोडून निघतात आणि विचारल्यावर सांगतात, वादळ येतंय. बहामाचे मजूर निघतात. जनावरंही निघतात. पण नायक राहतो. शेंगांच्या तोडणीला मजुरी चांगली आहे. आणि मुख्य म्हणजे गोरे मालक अजून हललेले नाहीत. धोका असता तर ते थांबले असते का?

आमच्या मते संपूर्ण इतिहासातली सर्वात कळीची जागा ही आहे. मजूर वादळाचा माग काढत होताच, पण आकाशाकडं बघून नव्हे, मालकाच्या घराकडं बघून. आपल्यासारखाच नागवला गेलेला आदिवासी सांगतो ते खोटं, आणि मालकाची शांतता खरी. बाबासाहेबांनी ज्या मानसिक गुलामीवर आयुष्यभर घाव घातले ती हीच. शोषिताला दुसऱ्या शोषिताचं ज्ञान हलकं वाटतं, हे आपल्याकडच्या पायऱ्यापायऱ्यांच्या व्यवस्थेत आपण रोज बघतो.

वरचा खालच्याचं ज्ञान कसं लाथाडतो, याचा दाखला त्याआधीचा आहे. १९०० साली क्युबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता. वादळं ओळखण्यात क्युबाच्या वेधशाळांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अमेरिकी हवामान खात्यानं त्यांच्या वादळविषयक तारा रोखल्या. ‘नेटिव’ लोक उगाच घबराट पसरवतात, हा तोरा. क्युबाचे जाणकार सांगत होते की वादळ मेक्सिकोच्या आखातात जाईल. खातं म्हणत होतं, फ्लोरिडाकडं वळेल. ८ सप्टेंबरला ते टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनवर पडलं आणि किमान ६,००० माणसं गेली. मग प्रेतं उचलायला काळ्या पुरुषांना बंदुकीच्या धाकावर जुंपलं गेलं.

१९२८लाही तेच झालं. पाणी ओसरायला आठवडे लागले. सडलेली प्रेतं गोळा करायला काळ्या माणसांना रस्त्यावरून पकडून नेलं. आपल्या वाचकांना हे वेगळं समजावायला नको. मेलेलं जनावर ओढणं, मर्तिकाची खबर गावोगाव पोचवणं ही आपल्या वाडवडिलांची वतनी कामं होती. त्याच वर्षी, मार्च १९२८मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं, ते याच वेठीविरुद्ध. दोघांची तेव्हा एकमेकांशी गाठ नव्हती. अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याबद्दल डु बॉईस यांना बाबासाहेबांनी पत्र लिहिलं ते पुढं १९४६ साली.

प्रेतं गोळा झाली. शवपेट्या कमी होत्या, तेव्हा त्या गोऱ्यांना. वेस्ट पाम बीचच्या वुडलॉन दफनभूमीत ६९ गोरे पेट्यांत पुरले गेले. ६७४ काळे शहराच्या गरिबांच्या दफनभूमीत एकाच खड्ड्यात, पेटीशिवाय. सुमारे १,६०० प्रेतं पोर्ट मयाका इथं सामुदायिक कबरीत गेली, बाकीची जाळली. हर्स्टनच्या कादंबरीत प्रेत गोऱ्याचं की काळ्याचं हे केसांवरून तपासायला लावणारे पहारेकरी आहेत. पाण्यानं सगळ्यांचा रंग एक केला होता, व्यवस्थेला तो परत वेगळा करायचा होता. ३० सप्टेंबरला काळ्या समाजानं त्या खड्ड्यापाशी आपल्या माणसांना निरोप दिला. शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लाउड बेथ्यून तिथं हजर होत्या.

पुढं तलावाला मोठा, पक्का बांध आला आणि त्याला राष्ट्राध्यक्ष हूवरचं नाव मिळालं. वुडलॉनमध्ये स्मारक झालं. ६७४ जणांच्या जागेवर काही नव्हतं. १९५७ साली शहरानं ती जमीन खाजगी मालकाला विकून टाकली. स्थानिक काळ्या नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २००० साली शहरानं ती परत घेतली, आणि २००२ साली ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आली. मृतांचा सरकारी आकडा मात्र ७५ वर्षं १,८३६ असाच छापला जात होता. २००३ साली तो ‘किमान २,५००’ असा दुरुस्त केला गेला.