बंदी घातली असती तर...

परवा शुक्रवारी डिप्लॉयमेंट आटोपून आम्ही दोघं खाली टपरीवर गेलो. मित्राने कटिंग घेतला, मी एक सुटी सिगारेट. (सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली आहे. टपरीवाल्याने न विचारता काढून दिली.) मित्र बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "सरळ बॅन का करत नाहीत रे ही? बॅन असती तर बाबा आज असते."

काका गेल्या वर्षी गेले. फुप्फुसाचा कॅन्सर. तीसेक वर्षं रोजच्या दहा ओढायचे. अशा वाक्यावर वाद घालायचा नसतो, म्हणून मी गप्प बसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, आणि वीकेंड त्यातच गेला. कारण हा प्रयोग माणसाने एकदा नाही, अनेकदा करून पाहिलाय.

आपल्या भागातली गोष्ट विजापुरापासून सुरू होते. अकबराच्या कारकिर्दीच्या शेवटी असद बेग नावाचा त्याचा सरदार विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू सापडली. उत्तरेत ती कुणी पाहिलेली नव्हती. त्याने एक रत्नजडित चिलीम बनवून घेतली आणि ती बादशहाला आग्र्याला नेऊन दिली. शाही हकीम नको नको म्हणत असताना अकबराने एक-दोन झुरके मारले. त्याला काही नाद लागला नाही, पण दरबाऱ्यांना लागला. व्यापाऱ्यांनी माल आणायला सुरुवात केली आणि बघता बघता तंबाखू सगळीकडे पसरली.

पुढे १६१७ मध्ये जहांगीराने हुकूम काढला, तंबाखू ओढायची नाही. कारण दिलंय तब्येतीचं! इराणच्या शाह अब्बासनेही अशीच बंदी घातली होती. गंमत म्हणजे त्याच शाहच्या दरबारात जहांगीराचा वकील होता खान आलम, आणि याला तंबाखूशिवाय घडीभर करमत नसे. खुद्द जहांगीरच आपल्या आत्मचरित्रात हे सांगतो. म्हणजे दोन्ही देशांत बंदी, आणि एका बादशहाचा प्रतिनिधी दुसऱ्या बादशहाच्या दरबारात धूर काढतोय. औरंगजेबाच्या काळापर्यंत तर दिल्लीत तंबाखूवर कर होता आणि मनूची लिहितो की त्यातून रोज पाच हजार रुपये जमत. बंदीचं उत्पन्नात रूपांतर व्हायला अर्धं शतकही लागलं नाही.

"अरे, ते बादशहांचं राज्य. आता सरकारकडे यंत्रणा आहे," असं कुणी म्हणेल. ठीक आहे, भूतान घ्या. डिसेंबर २००४ मध्ये त्यांनी देशभर तंबाखूविक्री बंद केली. स्वतःपुरती बाहेरून आणायची तर जबर कर भरून, पावती जपून ठेवून. पण फुन्शोलिंगच्या गेटपलीकडे आपलं जयगाव. तिथे सगळं मिळतं. तस्करी वाढली, म्हणून २०१० मध्ये कायदा अजून कडक झाला. २०११ मध्ये एका तरुण भिक्खूला तीन वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर पावतीशिवाय आणलेल्या खायच्या तंबाखूच्या काही पुड्या. किंमत शंभर-सव्वाशे रुपये. लोक इतके भडकले की २०१२ मध्ये कायदा सैल करावा लागला. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये, तस्करांबरोबर करोना आत येईल या भीतीने, सरकारनेच विक्री सुरू केली. पुढच्या वर्षी कायदाही बदलला.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने लॉकडाऊनमध्ये जवळपास पाच महिने सिगारेटविक्री बंद ठेवली. केपटाऊन विद्यापीठाच्या पाहणीत ९० टक्क्यांहून जास्त ओढणाऱ्यांनी, बंदीतही सिगारेट मिळवली, असं सांगितलं. फक्त खूप महागात. काहींनी सोडलीही, नाही असं नाही. पण मधला पैसा कर म्हणून सरकारकडे न जाता काळ्या बाजारात गेला.

आपल्या भाषेत सांगायचं तर फ्रंटएंडवरचं बटण लपवलं म्हणून एपीआय बंद होत नाही :-)

आता आपलं घर. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी आणि ऑफिसात ओढायला मनाई झाली. विकायला नाही, तिथे ओढायला. गुटख्यावर मात्र महाराष्ट्राने २०१२ मध्ये थेट बंदी घातली. लगेच पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या आल्या. गिऱ्हाईक हातावर मिसळतो, झाला गुटखा. सरकारी पाहणी (२००९-१० आणि २०१६-१७) सांगते की राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ६.६ टक्क्यांवरून ३.८ वर आले. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त घट. न ओढता तंबाखू खाणारे-लावणारे २७.६ वरून २४.४ वर, म्हणजे सुमारे बारा टक्के. हा काही स्वच्छ प्रयोग नव्हे. तंबाखू-चुना, मिश्री मोकळीच होती, आणि सिगारेटवर करही वाढत होता, पाकिटावर चित्रंही आली. पण जिच्यावर बंदी नव्हती ती सवय जास्त आटली, हे विसरून चालणार नाही.

माझं मत असं झालंय: बंदी वस्तूला दुकानातून हटवते, सवयीला नाही. सवय आटते ती महाग पडली, अडचणीची झाली, चारचौघांत ओशाळवाणी झाली की. हे काम हळू होतं, त्यात हेडलाईन नसते. आणि तोवर माणसं जातात, हेही खरंच.

रविवारी रात्री मित्राला फोन करून हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "२००८ नंतर बाबांना ऑफिसात ओढता येईना. चार मजले उतरून खाली जायला लागायचं. गुडघे दुखायचे. दहाच्या पाच झाल्या होत्या त्यांच्या."

"मग?"

"मग काय. तो नियम वीस वर्षं आधी यायला हवा होता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचं ऑफिस सातव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट उत्तम चालते. उद्यापासून खाली जायचं तर जिन्याने, एवढं ठरवलंय. बघू.