माउंट पॅनोरमा सर्किट

माउंट पॅनोरमा सर्किट हा ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या बॅथर्स्ट शहरालगतचा मोटार शर्यतींचा मार्ग आहे. तो सिडनीच्या पश्चिमेस सुमारे २०० किलोमीटर अंतरावर असून त्याची लांबी ६.२१३ किलोमीटर आहे. दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात येथे 'बॅथर्स्ट १०००' ही १,००० किलोमीटरची शर्यत भरते. ऑस्ट्रेलियातील मोटार शर्यतींत तिला सर्वाधिक मान आहे. केवळ शर्यतींसाठी बांधलेल्या सर्किटांहून हे सर्किट एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळे आहे. शर्यतींचे दिवस वगळता हा मार्ग सर्वांसाठी खुला असलेला सार्वजनिक रस्ता असतो. त्याच्या घडणीवर आणि वापरावर, तसेच त्याच्याविषयीच्या वादांवर या दुहेरी स्वरूपाची छाप दिसते.

स्थान आणि नाव

हा मार्ग ज्या टेकडीवर आहे तिला पूर्वी बाल्ड हिल्स म्हणत. माउंट पॅनोरमा हे नाव रस्ता झाला त्या काळात रूढ झाले. या भूप्रदेशाचे मूळ रहिवासी असलेले विराजुरी लोक या टेकडीला वाहलू म्हणतात. त्यांच्या परंपरेत तरुणांच्या दीक्षाविधीशी या स्थळाचा संबंध आहे. २०१५ मध्ये वाहलू या नावालाही अधिकृत मान्यता मिळाली आणि टेकडीची दोन्ही नावे शासकीय व्यवहारात आली.

निर्मिती

१९३० च्या दशकात बॅथर्स्टमध्ये मोटारसायकलींच्या शर्यती शहराबाहेरील व्हेल सर्किट या कच्च्या रस्त्यावर होत असत. जागतिक मंदीमुळे त्या काळी बेरोजगारी तीव्र होती. बेरोजगारांना काम देण्यासाठी शासनाकडून मिळणाऱ्या निधीचा उपयोग करून टेकडीवर पर्यटकांसाठी एक निसर्गरम्य रस्ता बांधावा, अशी योजना नगरपालिकेने आखली. हाच रस्ता शर्यतींनाही उपयोगी पडावा, हा महापौर मार्टिन ग्रिफिन यांचा हेतू होता. मार्च १९३८ मध्ये रस्त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर महिन्याभरातच, ईस्टरच्या सुट्टीत, तेथे मोटारसायकलींच्या आणि मोटारींच्या शर्यती झाल्या. त्या वर्षीची ऑस्ट्रेलियन ग्रांप्री ब्रिटिश चालक पीटर व्हाइटहेड यांनी जिंकली. पुढे १९४७, १९५२ आणि १९५८ मध्येही ही ग्रांप्री येथेच झाली.

रचना

शर्यतीत गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावतात. सर्किटाच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या बिंदूंच्या उंचीत १७४ मीटरचा फरक आहे. रचनेच्या दृष्टीने मार्गाचे तीन भाग पडतात. पहिला भाग चढणीचा. दुसरा माथ्यावरचा, अरुंद आणि वळणावळणांचा. तिसरा उताराचा, कॉनरॉड स्ट्रेट या दीर्घ सरळ पट्ट्याचा. माथ्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांना काँक्रीटच्या भिंती आहेत. तेथे चूक सावरायला जागा उरत नाही. कॉनरॉड स्ट्रेटवर अव्वल गाड्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो. त्यामुळे चढणीसाठी शक्ती, माथ्यासाठी पकड आणि उतारासाठी वेग या परस्परविरोधी गरजांचा मेळ एकाच गाडीत घालावा लागतो.

वळणांच्या नावांत स्थानिक इतिहास साठला आहे. ग्रिफिन्स बेंड हे नाव महापौर ग्रिफिन यांच्यावरून आले. मॅकफिलामी पार्क हे नाव ज्या मॅकफिलामी यांनी टेकडीवरील जमीन दान दिली, त्यांच्यावरून पडले. फॉरेस्ट्स एल्बो येथे मोटारसायकलस्वार जॅक फॉरेस्ट पडले आणि त्यांचे कोपर सोलवटून निघाले. एल्बो म्हणजे कोपर. कॉनरॉड हे नाव शर्यतीच्या एका गाडीचा कनेक्टिंग रॉड या पट्ट्यावर तुटला, त्यावरून पडले.

प्रमुख शर्यती

फिलिप आयलंड येथे १९६० पासून होणारी ५०० मैलांची शर्यत तेथील रस्त्याचा पृष्ठभाग खराब झाल्याने १९६३ मध्ये बॅथर्स्टला आली. शोरूममध्ये विकत मिळणाऱ्या मोटारींची कसोटी हे तिचे मूळ स्वरूप होते. बॅथर्स्टमधील पहिल्या वर्षी हॅरी फर्थ आणि बॉब जेन यांच्या फोर्ड कॉर्टिना गाडीने विजय मिळवला. १९७३ मध्ये अंतर १,००० किलोमीटर करण्यात आले. आज त्यासाठी १६१ फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. एकाच गाडीचे चालक आळीपाळीने ती चालवतात.

होल्डन आणि फोर्ड या दोन कंपन्यांतील चुरशीमुळे ही शर्यत घरोघरी पोहोचली. होल्डनचे चालक पीटर ब्रॉक यांनी ती ९ वेळा जिंकली. १९७९ मध्ये त्यांनी जिम रिचर्ड्स यांच्या साथीने ६ फेऱ्यांची आघाडी घेऊन विजय मिळवला आणि शेवटच्या फेरीत त्या शर्यतीच्या सर्वांत जलद फेरीचा विक्रम केला. १९८० मध्ये आघाडीवर असलेल्या डिक जॉन्सन यांची फोर्ड गाडी रस्त्यावरील एका मोठ्या दगडावर आदळून निकामी झाली. दूरचित्रवाणीवर हा प्रसंग पाहणाऱ्या प्रेक्षकांनी ७० हजारांहून अधिक डॉलर जमवले. फोर्ड कंपनीने तेवढ्याच रकमेची भर घातली. पुढच्याच वर्षी जॉन्सन यांनी ही शर्यत जिंकली.

याखेरीज १२ तासांची शर्यत आणि ईस्टरमधील ६ तासांची शर्यतही येथे भरते. ईस्टरच्या मोटारसायकल शर्यतींना मात्र प्रेक्षक आणि पोलीस यांच्यातील चकमकींचे गालबोट लागले. १९८५ मधील दंगल त्यांत विशेष गंभीर होती. ती परंपरा पुढे खंडित झाली.

सुरक्षितता

डोंगरी रस्त्याच्या या स्वरूपामुळे येथे अनेक प्राणघातक अपघात झाले आहेत. १९८६ च्या शर्यतीत कॉनरॉड स्ट्रेटच्या अखेरीस माइक बर्गमन यांचा मृत्यू झाला. त्यानंतर १९८७ मध्ये या पट्ट्यावर 'द चेस' हा वळणांचा नवा भाग बांधण्यात आला. त्यामुळे मार्गाची लांबी ६.१७२ वरून ६.२१३ किलोमीटर झाली. त्याच वर्षी जागतिक टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेतील एक शर्यत येथे झाली. बदलानंतरही धोका पूर्णपणे टळला नाही. १९९४ मध्ये डॉन वॉटसन सरावाच्या वेळी द चेस येथेच मृत्युमुखी पडले. १९९२ च्या शर्यतीत फॉर्म्युला वनचे माजी विश्वविजेते डेनी ह्यूम यांना गाडी चालवत असताना हृदयविकाराचा झटका आला. त्यात त्यांचे निधन झाले.

सार्वजनिक वापर

एरवी या रस्त्यावर दुहेरी वाहतूक चालते आणि वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर असते. रस्त्याच्या कडेला घरे, शेते आणि द्राक्षमळे आहेत. शर्यतीच्या काळात रस्ता बंद झाला की तेथील रहिवाशांच्या ये-जा करण्यावर बंधने येतात. शर्यतींसाठी रस्ता केव्हा आणि कोणत्या अटींवर बंद करता येईल, याचे नियमन १९८९ च्या माउंट पॅनोरमा मोटार शर्यत कायद्याने होते. संपूर्ण मार्गावर होणाऱ्या शर्यतींची संख्या त्यामुळे मर्यादित राहते. आसपासच्या झाडीतून कांगारू रस्त्यावर येतात आणि शर्यतीतील गाड्यांनाही ते धडकले आहेत. मरेज कॉर्नरजवळ राष्ट्रीय मोटार शर्यत संग्रहालय आहे.

वाहलूविषयीचा वाद

टेकडीच्या माथ्यावर मॅकफिलामी पार्क येथे गो-कार्टचा ट्रॅक बांधण्याची योजना स्थानिक परिषदेने आखली होती. विराजुरी वडीलधाऱ्यांनी तिला विरोध केला. या बांधकामाने वारसास्थळाची हानी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री सुझन ली यांनी आदिवासी वारसा संरक्षण कायद्याखाली या जागेला संरक्षण दिले. त्यामुळे तेथील बांधकाम थांबले. सर्किटावरील प्रस्थापित शर्यतींना या निर्णयाची बाधा आली नाही. मात्र या टेकडीच्या वापराचा निर्णय घेताना शर्यतींच्या बरोबरीने तिच्या प्राचीन परंपरेचाही विचार करणे त्यानंतर अपरिहार्य ठरले.