‘संशोधन’ : शुद्धी आणि शोध

हिंदी वृत्तपत्रात ‘संविधान संशोधन’ असे शब्द आढळले की मराठी वाचक क्षणभर अडखळतो. त्याच्या भाषेत ती घटनादुरुस्ती असते. आणि तो ज्याला संशोधन म्हणतो, त्याला हिंदीत शोध वा अनुसंधान म्हणतात. गुजराती आणि कन्नड या बाबतीत मराठीच्या पंक्तीला आहेत. बंगाली व मल्याळम यांनी ‘गवेषणा’चा स्वीकार केला. त्या शब्दाच्या मुळाशी गाईंचा शोध आहे; विद्वत्तेच्या वाट्याला इतके रोकडे मूळ क्वचितच येते.

‘शुध्’ या धातूचा अर्थ निर्मळ होणे. हिंदीने ती दुरुस्तीची छटा राखली, मराठीने अज्ञाताच्या शोधाची. तथापि मराठी परंपरेत जुना अर्थ लोपला होता असे नव्हे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ते कार्य याच अर्थाने संशोधन होय. परंतु त्यांनी टाकलेले पाठ कोणते, हे कळण्यास मार्ग उरला नाही. शुद्धीची ही किंमत आपल्या अभ्यासकांनी पुरेशी जोखलेली नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. येथे संशोधकाने कागद सुधारावयाचा नव्हता. तो जसा असेल तसा जपावयाचा होता. गंमत अशी की, याच राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून जी ज्ञानेश्वरी छापली, तिच्या प्राचीनतेविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. जुनी पोथी शुद्ध असतेच असे नाही, आणि जुनी वाटणारी जुनी असतेच असेही नाही.

दोन्ही अर्थांचा मेळ घातला गेला तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतात. वि. सी. सुकथनकर यांच्या संपादनाखालील आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले; अखेरचे पर्व १९६६ मध्ये. व्यासांचा लेखक झालेल्या गणेशाची घराघरांत ठाऊक असलेली कथा तेथे मुख्य संहितेत नाही. हस्तलिखितांचा आधार अपुरा पडला. मात्र ती पुसून टाकलेली नाही. परिशिष्टात तिचे श्लोक पाठभेदांसह वाचावयास मिळतात.