सातआसनी कौटुंबिक मोटार (वापरलेली)

तीन ओळींत मिळून सहा ते आठ माणसे बसू शकतील अशी, एका वा अनेक मालकांच्या हातून गेलेली खाजगी मोटार. व्यापारी तिला ‘एमयूव्ही’ किंवा ‘एमपीव्ही’ म्हणतात. या दोन संज्ञांतील भेदाविषयी एकवाक्यता नाही. मूल चालू लागण्याच्या सुमारास त्याचे आसन, त्याची बाबागाडी आणि त्याला सांभाळायला गावाहून आलेले आजी-आजोबा यांची पाचआसनी मोटारीत दाटी होऊ लागली म्हणजे मध्यमवर्गीय घरात तिचा विषय निघतो, आणि नव्या गाडीचा हप्ता ऐपतीबाहेरचा ठरला की तो जुन्या बाजाराकडे वळतो.

पूर्वपीठिका : १९९४ ची टाटा सुमो व २००० ची टोयोटा क्वालिस यांनी हा वर्ग महाराष्ट्रात रुळवला, तरी दोहोंचा मोठा आश्रयदाता टूर्सचा धंदा हाच होता. क्वालिसच्या जागी २००५ साली आलेली व २०१६ पर्यंत चाललेली पहिली इनोव्हा ही शिडीवजा चासीवर उभी, मागील चाकांना गती देणारी, २४९४ घन सेंटिमीटर डिझेल एंजिनाची गाडी. लाखो किलोमीटर सोसणारी म्हणून तिची जी कीर्ती झाली तिच्यामुळे तिचा जुना भाव अद्यापि उतरत नाही, आणि बेताच्या ऐपतीच्या खरेदीदाराच्या वाट्याला बहुधा तिचा अत्यंत झिजलेला नमुनाच येतो. २०१२ ची मारुती एर्टिगा पुढील चाकांवर चालणारी, नवी असताना सहा लाखांच्या आत किंमत सुरू होणारी व म्हणून प्रथमपासून घरगुती वापरात गेलेली. २०१९ ची रेनो ट्रायबर ३९९० मिलिमीटर लांबीची आहे. चार मीटरच्या आतील लहान एंजिनाच्या मोटारींना मिळणारी करसवलत हे या आखूडपणाचे कारण होय. टवेरा, एन्जॉय, मोबिलिओ, लॉजी, गो प्लस या याच वर्गातील इतर गाड्यांचे उत्पादन थांबलेले असल्याने त्या स्वस्त पडतात.

आसनव्यवस्था : या वर्गाची खरी परीक्षा तिसऱ्या ओळीत होते, आणि विक्रेता नेमका तिथेच कोणाला बसू देत नाही. तिसऱ्या ओळीकडे जाण्यासाठी मधले आसन पुढे दुमडावे लागते. त्यावर मुलाचे आसन पट्ट्याने जखडलेले असले की ती वाट बंद होते. म्हणून ते उजवीकडे, चालकाच्या मागे बसवून डावी वाट मोकळी ठेवण्याचा प्रघात आहे. मुलाला रस्त्याच्या कडेने उतरवता यावे यासाठी डावीच बाजू बरी, असाही एक पक्ष आहे. तिन्ही ओळी उभ्या असता ट्रायबरच्या मागे ८४ लिटर, तर २०१८ अखेर आलेल्या दुसऱ्या एर्टिगाच्या मागे २०९ लिटर जागा उरते. आकडे वाचण्यापेक्षा घडी केलेली बाबागाडी सोबत नेऊन डिकीत ठेवून पाहावी, आणि शक्य तर आजोबांनाही न्यावे. गुडघे दुखणारा माणूस मागच्या ओळीत चढू शकतो की नाही हे कोणतेही माहितीपत्रक सांगत नाही.

पूर्वेतिहास : गाडीच्या मेकपेक्षा तिने आजवर काय काम केले हे अधिक महत्त्वाचे. प्रवासी वाहतुकीच्या परवान्यावर धावलेली गाडी पुढे पिवळी पाटी उतरवून खाजगी पासिंगची करून घेता येते, आणि रंग मारून, नवी कव्हरे चढवून ती ‘डॉक्टरची गाडी’, म्हणजे जपून वापरलेली, म्हणून उभी केली जाते. किलोमीटर मागे फिरवलेले असले तरी क्लचच्या पेडलचे रबर मागे फिरत नाही : काट्यावर चाळीस हजार आणि रबराच्या रेघा पुसून गुळगुळीत, असा मेळ दिसला की पुढे बोलणे थांबवावे. तपासायला नेलेला मिस्त्री एंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडतो व तिथून धुराचे फवारे येतात का ते पाहतो. पहिल्या इनोव्हाच्या डिझेल एंजिनात टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागतो.

दस्तऐवज : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये त्याच राज्यातील हस्तांतराची वर्दी विक्रेत्याने १४ दिवसांत, खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी नमुना ३५ वर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही लागते. ‘बोजा उतरवतो, तोवर टोकन द्या’ या बोलीवर पैसे हवाली करणे हा या व्यवहारातील सर्वांत जुना व सर्वांत महाग प्रमाद आहे. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ च्या हरित न्यायाधिकरणाच्या व २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी बंधने आल्यापासून तिकडच्या इनोव्हा इकडे स्वस्तात येतात. परंतु नमुना २८ चा ना-हरकत दाखला, नवी नोंदणी व महाराष्ट्राचा कर जमेस धरता ती स्वस्ताई पुष्कळशी विरते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी व पर्यावरण कर भरून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आर.सी. बुकावरील (नोंदणीपुस्तकावरील) चासी क्रमांक प्रत्यक्ष चासीवरील ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून घ्यावा.

सुरक्षा : ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी एबीएस एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून व शेजाऱ्याची २०२२ च्या आरंभापासून सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली, त्यापूर्वीच्या गाडीत ही साधने आहेतच असे गृहीत धरू नये. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्करचाचणीत महिंद्रा मराझोला २०१८ साली चार व एर्टिगाला २०१९ साली तीन तारे मिळाले. २०२४ साली अधिक कडक निकषांवर एर्टिगाला प्रौढांच्या रक्षणासाठी एकच तारा मिळाला.

इंधन : एर्टिगाचे डिझेल रूप एप्रिल २०२० मध्ये बंद झाले. सीएनजीची टाकी बाहेरून बसवलेली असल्यास तिची आर.सी.वर नोंद व दर तीन वर्षांच्या दाबचाचणीचा दाखला पाहावा.

विमा : हस्तांतरानंतर १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा.

रंग : पांढरा बहुसंख्य.