सुमो की क्वालिस? मागच्या बाकांचा इतिहास



सध्या आपल्या डहाणू-तलासरीच्या बायकांत कुठेही चार जणी जमल्या की ‘अर्टिगा घ्यावी की कॅरेन्स’ हा विषय निघतोच. सुना मोबाइलवर रंग दाखवतात, मुलं सनरूफ मागतात आणि पुरुषमंडळी मायलेजवर येऊन थांबतात. पंचवीस वर्षांपूर्वी हाच वाद ‘सुमो की क्वालिस’ असा होता. तो वाद मी आमच्या घरात जवळून ऐकला आहे. त्यात इंजिन, किंमत, गाडीचा रुबाब सगळ्यावर बोलणं व्हायचं. पण मागे कोण बसणार, हे काही कोणी विचारायचं नाही. कारण ते ठरलेलंच असायचं. मागे सुना आणि मुलं. आज त्या मागच्या बाकांचाच इतिहास सांगते.

थोडं आधीपासून सुरू करू. १९८४ हे साल मोठ्या कुटुंबांच्या गाडीसाठी महत्त्वाचं. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीची मिनीव्हॅन त्याच सुमारास रस्त्यावर आली, फ्रान्समध्ये रेनॉची एस्पास आली आणि आपल्याकडे मारुतीची व्हॅन आली. हिलाच पुढे ओम्नी नाव मिळालं. बाकीच्या दोन देशांत मोठी गाडी आली. आपल्याकडे आली ती ७९६ सीसी इंजिनाची, सरकत्या दाराची, डब्यासारखी गाडी. पण आपल्या बायकांना ती आवडली. साडी सावरत चढायला सोपी, डबे ठेवायला सपाट जागा. आठ जणांच्या ओम्नीत मधली सीट मागे तोंड करून असायची. समोरासमोर बसून थेपले वाटायला आणि स्तवनं म्हणायला फार छान वाटायचं.

मग १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. नाव ऐकून पुष्कळांना जपानी पैलवान आठवतात. पण हे नाव आहे आपल्या सुमंत मुळगावकरांचं. सुमंतमधला ‘सु’ आणि मुळगावकरांमधला ‘मो’. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा. १९८९ मध्ये ते गेले आणि पाच वर्षांनी त्यांच्या नावाची गाडी आली. सुमोत दहा जण बसत. मागच्या भागात दोन बाजूंना दोन आडवे बाक, माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. चिकूच्या वाडीपर्यंतच्या कच्च्या रस्त्याला ती डगमगत नसे आणि बिघडली तर गावातला मेकॅनिक दुरुस्त करून देई. एकत्र कुटुंबाला आणखी काय हवं?

२००० च्या जानेवारीत टोयोटाची क्वालिस आली. टोयोटाची भारतातली ही पहिली गाडी, बंगळुरूजवळच्या बिडदीला तयार होणारी. तिचं मूळ इंडोनेशियातल्या ‘किजांग’ गाडीत होतं. तिकडच्या भाषेत किजांग म्हणजे एक प्रकारचं हरीण. तिथेही ती मोठ्या कुटुंबांचीच गाडी. आपल्याकडे आली तेव्हा लोक हसले, रूप जुनाट आहे म्हणाले. पण एकदा बसलेला माणूस तिच्या शांत इंजिनाचं कौतुक करायचा.

आमच्या घरात दोन पक्ष पडले. सासऱ्यांना सुमो हवी होती. स्वदेशी, दणकट, स्वस्त. दिरांना क्वालिस हवी होती, कारण पालिताण्याच्या लांबच्या यात्रेत कंबर दुखत नाही. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा खुली होते, तेव्हा निघायचं हे ठरलेलं. सासूबाईंनी एकदाच विचारलं, “मला चढता येईल ना?” सगळे हसले. मला मात्र तोच खरा प्रश्न वाटला होता.

गंमत अशी, की ज्या गोष्टीवर वाद व्हायला हवा होता, त्यात दोन्ही गाड्यांत फारसा फरक नव्हता. जास्त माणसं बसवणाऱ्या क्वालिसमध्येही मागे तसेच आडवे बाक असायचे. आडव्या बाकावर बसलेलं माणूस प्रवासाच्या दिशेला बाजू करून बसतं. जोरात ब्रेक लागला की ते पुढे न जाता शेजारच्यावर कोसळतं. लहान मूल मांडीवर असेल तर विचारूच नका. आपल्या मोटार वाहन नियमांत मागच्या प्रवाशांना पट्टा सक्तीचा आहे, पण तो पुढे तोंड असलेल्या सीटवर बसणाऱ्यांना. आडवे बाक त्या वाक्यात बसतच नाहीत. म्हणजे घरातली सगळ्यात नाजूक माणसं सगळ्यात उघड्या जागी, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पंगतीत सून शेवटी जेवते, तशीच गाडीतही शेवटी बसते. सवयच ती.

हे बदललं, पण आपल्या सांगण्यावरून नाही. २००५ मध्ये चांगली खपत असलेली क्वालिस टोयोटाने बंद केली आणि इनोव्हा आणली. तिच्या तिन्ही रांगा पुढे तोंड करून होत्या. २०१२ मध्ये अर्टिगा आली, तीही तशीच, आणि किमतीने आपल्या आवाक्यातली. कियाची कॅरेन्स २०२२ ची. सुमो आणि ओम्नी दोन्ही २०१९ मध्ये बंद झाल्या. आपल्या आडव्या बाकांचा काळ संपला. गप्पा कमी झाल्या खऱ्या, पण प्रत्येक सीटला पट्टा आला.

पट्टा आला, पण लावतं कोण? मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या दारातून जातो. मनोर, चारोटी, तलासरी, अच्छाड आणि पुढे गुजरात. चौपदरी झाला, मग सहापदरी झाला आणि गाड्या सुसाट धावू लागल्या. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. संवत्सरीला चार दिवस झाले होते, घरोघरी ‘मिच्छामि दुक्कडम्’ची देवाणघेवाण अजून चालू होती. त्या दुपारी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे गृहस्थ, दोघेही गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, सगळ्या सोयींची होती. आपण त्याच पुलावरून देरासरला, लग्नाला, माहेरी जातो. पट्टा न लावल्यास १००० रुपये दंड कायद्यात आहे, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य आसन नसेल तरी आहे. पण दंडाच्या भीतीने शिकावं अशी ही गोष्ट नाही.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, जयणा. पाणी गाळताना, भाजी निवडताना, चूल पेटवताना आपण जयणा पाळतो. आपले साधू-साध्वीजी ईर्या समिती पाळून, पुढची चार हात जमीन बघत पायी विहार करतात. याच महामार्गाच्या कडेने, पहाटेच्या अंधारात. मुंगीसाठी पाऊल जपणाऱ्यांच्या शेजारून आपण शंभरच्या वेगाने जायचं आणि मांडीवर नातू मोकळा ठेवायचा, हे जयणेत कसं बसेल?

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा घरातल्या माणसांची नावं कागदावर लिहून न्या. प्रत्येक नावासमोर सीट लिहा. तिसऱ्या रांगेत स्वतः बसून बघा, सासूबाईंना साडीत चढवून बघा. प्रत्येक सीटचा पट्टा ओढून लावून बघा आणि तो खांद्यावरून येतो की नुसता कमरेला आहे, ते पाहा. सातही जण बसल्यावर डब्यांना आणि पूजेच्या पेटीला जागा उरते का, तेही बघा. सात जणांची गाडी म्हणजे सातच जण. आठवं माणूस निघालं तर दुसरी गाडी करा किंवा डहाणू रोडवरून रेल्वेने या.

आणखी एक, आपल्याच घरांपुरतं. चौविहार करणारी माणसं गाडीत असली की सूर्यास्ताच्या आत घर गाठायची घाई सुरू होते आणि चालक वेग वाढवतो. असं करू नका. खाखरे, सुकी भाजी, गाळलेलं पाणी सोबत ठेवा. वेळ होत आली की सुरक्षित जागी थांबून जेवून घ्या, पच्चक्खाण घ्या आणि मग सावकाश निघा.

अर्टिगा घ्या नाही तर कॅरेन्स, मी काही सुचवणार नाही. फक्त या वेळी शोरूममध्ये पहिला प्रश्न आपण विचारायचा: मागे कोण बसणार, आणि तिचा पट्टा कुठे आहे?